लिबरलांना सगळ्यांना मत द्यायचंच नव्हतं : युरोप १८१५ ते १९१८

उंटावरचा शहाणा (धागाकर्ता)

इथे अधूनमधून कोणीतरी लिहून जातं की युरोपात आधी लिबरल विचार आला, राजाच्या सत्तेला लगाम बसला, मग तोच विचार पसरत पसरत सगळ्यांना मताचा हक्क मिळाला. म्हणजे एकच सरळ जिना, आणि वर लोकशाही. मला हे कधीच पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

१९ व्या शतकातल्या लिबरल माणसाला संसद हवी होती, छापायचं स्वातंत्र्य हवं होतं, कोर्टकचेरी राजाच्या लहरीवर चालू नये असं वाटत होतं. पण मत? मत सगळ्यांना दिलं तर वरच्या सगळ्याची वाट लागेल असं त्याला मनापासून वाटत होतं. फ्रान्समध्ये १८१४ च्या सनदेनुसार वर्षाला ३०० फ्रँक थेट कर भरणाऱ्यालाच मत, म्हणजे ३ कोटींच्या देशात जेमतेम १ लाख मतदार. १८३० ला क्रांती झाली, राजा पळाला, लिबरल सत्तेत आले, आणि त्यांनी काय केलं तर ३०० चे २०० फ्रँक. १८४० च्या दशकात मतदार २ लाखांच्या थोडे पुढे गेले, बस्स.

त्या राजवटीचा मेंदू म्हणजे गिझो. लोक म्हणाले मत द्या, तर हा म्हणाला श्रीमंत व्हा, कष्ट करून आणि साठवून, मग आपोआप मिळेल. पण हा माणूस काही खलनायक नव्हता, इतिहासाचा नामांकित प्राध्यापक होता आणि गावोगावी मुलांची प्राथमिक शाळा हवी असा १८३३ चा कायदा त्याचाच. त्याचं गणित असं की ज्याच्याकडे मालमत्ता आहे तो कोणाचा मिंधा नाही, जो मिंधा नाही तोच स्वतःच्या डोक्याने ठरवणार. गडी मालक सांगेल तिथे मत देणार आणि उपाशी माणूस पैसे घेऊन देणार.

मग फेब्रुवारी १८४८. पुन्हा क्रांती, आणि एका फटक्यात सगळ्या प्रौढ पुरुषांना मत, मतदार २ लाखांवरून थेट ९० लाखांच्या वर. पहिलं मतदान २३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी. तॉकव्हिलने त्याच्या आठवणींत या दिवसाचं वर्णन केलंय. हा नॉर्मंडीतला सरदार घराण्यातला माणूस, स्वतः उमेदवार. गावातले सगळे पुरुष दोन-दोनच्या रांगेत, आडनावाच्या अक्षरक्रमाने उभे राहिले, हा पण आपल्या अक्षराच्या जागी जाऊन उभा राहिला, म्हातारे आणि आजारी मागे गाड्यांमध्ये, आणि मिरवणूक चालत शेजारच्या सॅं-पियेरला निघाली. वाटेत एका टेकाडावर लोक म्हणाले, बोला काहीतरी. हा खंदकाच्या बांधावर चढला आणि सांगितलं की गावात शिरल्यावर कोणी बाजूला ओढून फितवायला लागलं तर ऐकू नका, पाऊस आहे पण मत टाकेपर्यंत अंग वाळवायला किंवा खायला कोणाच्या घरात शिरू नका, सगळे एकत्र रहा. बहुतेक सगळी मतं एकाच उमेदवाराला पडली असावीत असं तो स्वतःच लिहितो. तो उमेदवार कोण हे सांगायला नको :)

डिसेंबरमध्ये त्याच मतदारांनी अध्यक्ष निवडला. लुई नेपोलियन, काका नेपोलियन बोनापार्टच्या नावावर, जवळपास तीन चतुर्थांश मतांनी. संसदेतली सभ्य मंडळी हादरली आणि ३१ मे १८५० ला एकाच जागी तीन वर्षं राहण्याची अट घालून त्यांनी साधारण ३० लाख लोकांची नावं यादीतून उडवली. आता गंमत बघा, २ डिसेंबर १८५१ ला लुई नेपोलियनने संसद बरखास्त केली, पुढाऱ्यांना पहाटे घरातून उचललं, आणि त्याच दिवशी जाहीर केलं की सगळ्यांचं मत परत! म्हणजे संसदेने मत काढलं आणि हुकूमशहाने ते परत दिलं. त्याला लोकांचा होकार हवा होता, चर्चा नको होती.

हे बिस्मार्क बघत होता, पुढे प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याचा पंतप्रधान झालेला. प्रशियाच्या संसदेत लिबरलांनी त्याचं बजेट अडवून धरलेलं. तिथली मतदानपद्धत तीन वर्गांची : एकूण कराचे तीन समान भाग पाडायचे, पहिला तिसरा हिस्सा जे मूठभर भरतात त्यांना एक तृतीयांश प्रतिनिधी. एसेन शहरात एक वेळ अशी होती की पहिल्या वर्गात क्रुप हा तोफांचा कारखानदार एकटाच, एक तृतीयांश नगरसेवक हा एकटा निवडणार. तर बिस्मार्कने १८६७ मध्ये नव्या उत्तर जर्मन संघासाठी २५ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मत देऊन टाकलं. हिशेब सरळ होता, शेतकरी राजनिष्ठ आहे, तो शहरी लिबरल वकिलांना खाली बसवेल. आणि प्रशियाची तीन वर्गांची पद्धत तशीच ठेवली, १९१८ पर्यंत.

१८६७ मध्येच लंडनमध्ये हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या डिझरायलीने लिबरलांपेक्षा सढळ सुधारणा पास करून घेतली, मतदार जवळपास दुप्पट. त्याआधी १८६६ मध्ये लिबरलांचंच सौम्य विधेयक लिबरल पक्षातल्याच रॉबर्ट लो वगैरे लोकांनी हाणून पाडलेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की सर्वांना मत ही लिबरल विचाराची पुढची पायरी नव्हती, लिबरलांना वळसा घालून काढलेली वाट होती. बोला आता.

तिरकस तात्या

म्हणजे गरिबाला मत देणारे तिघेही उजवे. झालं, शंभरी भरणार धाग्याची. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

गिरणगाव

लेख भारी, पण अर्धं चित्र आहे. डिझरायलीला काय स्वप्न पडलं का? जुलै १८६६ मध्ये हाइड पार्कात सभेला बंदी घातली तेव्हा लोकांनी पार्काचं लोखंडी कुंपण मोडलं, त्यानंतरचं वर्षभर देशात सभांवर सभा चालू होत्या. आणि त्याच्या आधी चार्टिस्ट, म्हणजे तिथली कामगारांची मताधिकाराची चळवळ. १८३८ पासून मागण्या सहा, सर्व पुरुषांना मत, गुप्त मतदान, खासदाराला पगार, खासदारकीसाठी मालमत्तेची अट नको, सारखे मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक. १८४२ च्या अर्जावर ३३ लाख सह्या होत्या, म्हणजे तेव्हाच्या मतदारांच्या कितीतरी पट. संसदेने बघितलंसुद्धा नाही. पण यातल्या दरवर्षीच्या निवडणुकीची मागणी सोडली तर बाकी पाचही नंतर झाल्या.

बेल्जियमचं बघा. १८९३ मध्ये संसद मताधिकार वाढवायला तयार नाही म्हटल्यावर कामगारांनी देशभर संप केला, गोळीबार झाला, माणसं मेली, आणि काही दिवसांत संसद तयार! तरी त्यातही मेख मारलीच. प्रत्येकाला एक मत पण संसार असलेल्या करदात्याला जादाचं, शिकलेल्याला अजून जादा, कमाल तीन. म्हणजे गिरणीतला माणूस एक आणि त्याचा वकील तीन. ते १९१९ मध्ये गेलं, चार वर्षं खंदकात सगळे सारखेच मेले त्यानंतर.

त्यामुळे वरून कोणी "दिलं" ही भाषा मला खटकते. वरच्यांनी फक्त वेळ आणि आपला फायदा बघितला.

लीड्सवासी

धाग्यात गुप्त मतदान राहून गेलंय, आणि माझ्या मते ते मताधिकाराइतकंच मोठं प्रकरण. १८७२ पर्यंत इंग्लंडात मत म्हणजे मांडवात सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने नाव सांगायचं. कोणी कोणाला मत दिलं याची पुस्तकं छापून विकायचे, मतदाराच्या नावासकट. जमीनदार वाचणार, दुकानदाराचं गिऱ्हाईक वाचणार. त्यात उमेदवाराकडून दारू आणि जेवण फुकट. आपल्याकडे ढाब्यावर जे चालतं ते तिथे भर चौकात.

गुप्त मतदानाचा कायदा झाल्यावर पहिली पोटनिवडणूक आमच्या जवळच पाँटेफ्रॅक्टला झाली, १५ ऑगस्ट १८७२ (हो, तारीख आपलीच). हे गाव ज्येष्ठमधाच्या काळ्या चपट्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीला लाखेचं सील करायचं होतं, तर गोळ्यांवर उठवायचा कारखान्यातला ठसाच आणून मारला. ती लाकडी पेटी इथल्या म्युझियममध्ये आहे, लाखेचे अवशेष अजून दिसतात. मुलाला दाखवली तर म्हणाला, एवढीशी?

आणि आश्चर्य म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल, स्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी, गुप्त मतदानाच्या विरोधात होता. त्याचं म्हणणं मत ही तुमची खाजगी मालमत्ता नाही, ती विश्वस्ताची जबाबदारी आहे, तर चार लोकांसमोर द्यायला लाज का. शिकलेल्यांना जास्त मतं हेही त्याचंच. तेव्हा धागाकर्त्याच्या मुद्द्याला एक जोड माझ्याकडून.

उंटावरचा शहाणा

@गिरणगाव, रेटा खालून होता हे शंभर टक्के मान्य, मी फक्त दरवाजा कोणी आणि का उघडला ते सांगतोय. रेटा १८४८ लाही होता, तेव्हा इंग्लंडात दार उघडलं नाही. १८६७ ला उघडलं कारण दोन पक्षांची चढाओढ लागली होती.

@लीड्सवासी, पेटीचा किस्सा झकास. बंद पेटी आली, मतदार वाढले, मग पुढचा प्रश्न : ओळखीपाळखी आणि धाकदपटशा गेला तर एवढ्या लोकांना गोळा कसं करायचं? इथून पक्ष नावाचं यंत्र सुरू होतं. बर्मिंगहॅमचं उदाहरण मला फार आवडतं. १८६७ च्या कायद्यात अल्पमतवाल्यांना पण जागा मिळावी म्हणून मोठ्या शहरांत तीन खासदार पण मतदाराला मतं दोनच असं कलम टाकलं होतं. सज्जन हेतू. बर्मिंगहॅमच्या लिबरलांनी काय केलं, वॉर्डावॉर्डात कमिट्या बसवल्या आणि सांगितलं, या वॉर्डाने अ आणि ब ला मत द्यायचं, त्या वॉर्डाने ब आणि क ला, तुमची आवड निवड घरी ठेवा. १८६८ मध्ये तिन्ही जागा लिबरल! अल्पमताच्या संरक्षणाच्या कलमातून शिस्तबद्ध बहुमत तयार झालं. मग बर्मिंगहॅमचाच माजी महापौर जोसेफ चेंबरलेनने १८७७ मध्ये हेच मॉडेल देशभर नेलं. स्वतंत्र बुद्धीचा, कोणाचा मिंधा नसलेला मतदार हे लिबरलांचं दैवत, आणि त्याला "सांगितलं तिथे मत टाक" म्हणणारी पहिली यंत्रणा पण लिबरलांचीच.

जर्मनीत हेच समाजवाद्यांनी जास्त जोरात केलं. बिस्मार्कचा हिशेब तिथे फसला, कारण शेतकरी कारखान्यात आला. १८७८ ते १८९० त्यांच्या संघटनांवर आणि पेपरांवर बंदी, सोबत गाजर म्हणून १८८३ ला आजारपणाचा विमा, १८८४ ला अपघाताचा, १८८९ ला म्हातारपणाची पेन्शन, ती पण सत्तरीनंतर, म्हणजे पोचलात तर. तरीही १९१२ मध्ये ३९७ पैकी ११० जागा घेऊन ते सगळ्यात मोठा पक्ष. त्यांच्या गायनमंडळ्या, सायकल क्लब, वाचनालयं, सगळं वेगळं. पाळण्यापासून सरणापर्यंत पक्षात.

अनघा_पुणे

पुरुषांच्या पुरुषांना दिलेल्या मताला "सर्वांना मत" म्हणून सगळे मोकळे झालात, छान.

१८३२ च्या इंग्लंडच्या कायद्यात पहिल्यांदा "पुरुष" असा स्पष्ट शब्द घातला गेला, म्हणजे सुधारणेच्या कायद्याने बाईला लेखी बाहेर काढलं. १८६७ च्या चर्चेत मिलने (हो तोच) पुरुषाच्या जागी व्यक्ती लिहा अशी दुरुस्ती मांडली, १९६ विरुद्ध ७३ ने पडली. १९१८ ला मिळालं ते तिशीच्या पुढे आणि मालमत्तेच्या अटीवर, का तर युद्धात एवढे पुरुष मेलेले की सरसकट दिलं असतं तर बायका बहुसंख्य झाल्या असत्या. बरोबरी आली १९२८ मध्ये.

पण मला जास्त राग फ्रान्सचा आहे. १८४८ मध्ये जगाला शिकवणारा देश, आणि बायकांना मत १९४४ मध्ये. खालच्या सभागृहाने १९१९ मध्ये पास केलेलं, सेनेटने १९२२ मध्ये पाडलं. आणि पाडणारे कोण, तर चर्चविरोधी, प्रजासत्ताकवादी, पुरोगामी रॅडिकल मंडळी! बायका पाद्री सांगेल तिथे मत देतील म्हणे. गिझो गड्याबद्दल जे म्हणत होता तेच वाक्य, फक्त मालकाच्या जागी पाद्री. उलट फिनलंड, रशियाच्या झारच्या छत्राखाली असताना १९०६ मध्ये स्त्री-पुरुष सगळ्यांना एकदम मत, पुढच्या वर्षी १९ बायका संसदेत. स्वित्झर्लंडबद्दल बोलायलाच नको, १९७१.

तिरकस तात्या

@अनघा_पुणे दंडवत घ्या. रॅडिकलांचा मुद्दा जपून ठेवतो, पुढच्या पुरोगामी-प्रतिगामी धाग्यावर वापरणार.

पाटी_पेन्सिल

मी वाचनमात्र असतो पण इटलीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं. एवढ्या मतदारांना गोळा कसं करायचं या धागाकर्त्याच्या प्रश्नाचं सगळ्यात दुःखद उत्तर तिथे आहे.

१८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा मतदार लोकसंख्येच्या जेमतेम २ टक्के. वर पोपने कॅथलिकांना राष्ट्रीय निवडणुकीत भाग घेऊ नका सांगितलेलं, म्हणजे त्या २ टक्क्यांतलेही बरेच घरी. अशा छोट्या बंद खोलीत लिबरलांनी पन्नास वर्षं कारभार केला. त्यांना पक्षच नव्हता, फक्त गट, अमक्याचे लोक आणि तमक्याचे लोक. दक्षिणेत सरकारी अधिकारी निवडणूक "सांभाळून" घ्यायचे. मग १९१२ मध्ये जोलित्ती या अतिशय धूर्त पंतप्रधानाने तिशीपुढच्या सगळ्या पुरुषांना, अगदी निरक्षरांना, आणि सैन्यात गेलेल्यांना मत दिलं. मतदार ३३ लाखांवरून ८६ लाख. त्याला वाटलं सगळ्यांना हळूहळू खोलीत घेऊ आणि सवय लावू.

मध्ये युद्ध आलं. १९१९ मध्ये प्रमाणशीर पद्धतीने (जेवढी मतं त्या प्रमाणात जागा) निवडणूक झाली, समाजवादी १५६, कॅथलिकांचा नवा पक्ष १००, दोघे मिळून अर्ध्याच्या आसपास पण एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. लिबरल विखुरलेले, त्यांना सभा घेता येत नाहीत, शाखा नाहीत, वर्गणीदार नाहीत. १९२१ मध्ये जोलित्तीने फॅसिस्टांना आपल्याच यादीत घेतलं की आत आले की माणसाळतील, ३५ निवडून आले, त्यात मुसोलिनी. दीड वर्षात तो पंतप्रधान. आणि १९२३ मध्ये फक्त पंचवीस टक्के मतं मिळवून पहिला येणाऱ्याला दोन तृतीयांश जागा असा कायदा आला, तो पास करायला लिबरलांचेच हात वर झाले. जोलित्तीचा पण.

इंग्लंडात हे घडलं नाही कारण तिथे १८३२, १८६७, १८८४, १९१८ असं टप्प्याटप्प्याने होत गेलं, प्रत्येक वेळी पक्षांना नवीन लोकांना सामावून घ्यायला पंधरा-तीस वर्षं मिळाली. इटलीने सात वर्षांत उडी मारली.

गिरणगाव

@पाटी_पेन्सिल, हे "हळूहळू दिलं तर पचतं" मला धोक्याचं वाटतं, हेच तर गिझो म्हणत होता ना? जर्मनीत १८६७ पासून मत होतं, म्हणजे ५० वर्षं सवय, तरी १९३३ ला हिटलर आलाच. कारण मत होतं पण चॅन्सेलर (पंतप्रधान) संसदेला जबाबदार नव्हता, कैसरला म्हणजे सम्राटाला होता. पक्षांनी ५० वर्षं फक्त भांडायचं काम केलं, राज्य चालवायची जबाबदारी कधी आली नाही. सवय मताची नाही, सत्तेची लागते. आणि आपल्याकडे काय झालं? १९३५ च्या कायद्याखाली साधारण ३ कोटी लोकांना मत, मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींवर, आणि १९५१-५२ ला थेट १७ कोटींच्या वर, बहुतेक निरक्षर. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे १९२८ मध्येच प्रौढ मताधिकार मागितलेला, ते "आधी शिका मग मत" म्हणाले नाहीत.

पाटी_पेन्सिल

जर्मनीचा मुद्दा मान्य. भारताचं उदाहरण पण चोख आहे, पण आपल्याकडे काँग्रेस नावाचं गावोगावी पोचलेलं यंत्र आधीच तयार होतं, इटलीच्या लिबरलांकडे तेच नव्हतं. तिथेच माझा जोर आहे, वर्षांवर नाही.

लीड्सवासी

भारताचा विषय निघालाच आहे तर. ब्रिटिश संसदेत सुरुवातीला निवडून गेलेले तीन भारतीय, तिघेही मुंबईच्या पारशी वर्तुळातले, आणि तिघांकडे बघून हा सगळा धागा समजतो. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी, एल्फिन्स्टनचे माजी प्राध्यापक, लिबरल, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. त्याआधी खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरीने "काळ्या माणसाला" इंग्रज मतदार निवडणार नाहीत असं म्हटलेलं. १८९५ मध्ये भावनगरी, हुजूर पक्षाकडून, तेही बेथनल ग्रीन या कामगार वस्तीतून, म्हणजे कामगाराला मत दिलं तर तो हुजूर पक्षालाही निवडेल हा डिझरायलीचा जुगार इंग्लंडात बऱ्यापैकी चालला होता. आणि १९२२ मध्ये शापुरजी सकलातवाला, टाटांच्या नात्यातला माणूस, बॅटरसीतून, मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर आलेला कम्युनिस्ट. तीस वर्षांत लिबरल, हुजूर, कम्युनिस्ट.

उंटावरचा शहाणा

क्या बात है, हे तिघं एका रांगेत कधी बघितलेच नव्हते.

लिबरल पक्षाचं शेवटी काय झालं तेही सांगून टाकतो. १९०६ मध्ये प्रचंड बहुमत. सत्तेत येऊन त्यांनी म्हाताऱ्यांना पेन्शन दिली, १९०९ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्जने श्रीमंतांवर आणि जमिनीवर कर लावणारं बजेट आणलं, लॉर्डांनी (संसदेच्या वरच्या सभागृहाने) अडवलं तर १९११ मध्ये लॉर्डांचे पंख छाटले, आणि त्याच वर्षी खासदारांना ४०० पौंड पगार सुरू केला, चार्टिस्टांची मागणी. म्हणजे कमी सरकार, कमी कर म्हणणाऱ्या पक्षाने मोठं सरकार उभं केलं, कारण मतदार आता तो होता. पगार सुरू झाल्यावर कामगाराला खासदार होणं परवडायला लागलं, पण तो लिबरल कशाला होईल, मजूर पक्ष होता की. १९१८ ला मतदार ७७ लाखांवरून २ कोटी १४ लाख झाले. १९२४ मध्ये लिबरल ४० जागांवर.

अनघा_पुणे

एक प्रश्न, ते बेल्जियमसारखं जादा मत इंग्लंडात होतं का? कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

लीड्सवासी

होतं की! ऑक्सफर्ड केंब्रिजच्या पदवीधरांना घरच्या मतदारसंघात एक आणि विद्यापीठाच्या खासदारासाठी वेगळं एक. धंद्याची जागा दुसऱ्या मतदारसंघात असेल तर तिथलं पण. १९४५ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं त्या निवडणुकीतही विद्यापीठांच्या १२ जागा होत्या. १९४८ च्या कायद्याने हे बंद झालं आणि एक माणूस एक मत या तत्त्वावर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली २३ फेब्रुवारी १९५० ला. आपली राज्यघटना त्याच्या महिनाभर आधी लागू झालेली.

तिरकस तात्या

म्हणजे गोऱ्या साहेबाने आपल्याला लोकशाही शिकवली या व्हॉट्सॅप फॉरवर्डचं काय करायचं आता?

गिरणगाव

@लीड्सवासी, उत्तर आयर्लंड विसरलात. तिथे स्थानिक निवडणुकीत घरपट्टी भरणारा आणि त्याची बायको यांनाच मत होतं, भाड्याच्या खोलीत राहणारा किंवा आईबापांकडे राहणारा मोठा मुलगा बाहेर, कंपनीवाल्यांना मात्र जादा. फटका अर्थात कॅथलिकांना जास्त. १९६८ मध्ये डेरीत मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हाच्या मागण्यांत ही पण होती, आणि कायदा बदलला त्यानंतर. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे फार लांबेल.